पदवी इंग्रजीत, गाव जर्मनमध्ये

ऑक्टोबरच्या सुरुवातीला एर्फुर्टच्या रेल्वे स्थानकावर एक दृश्य हमखास दिसते. दोन भल्यामोठ्या बॅगा, पाठीवर लॅपटॉपची पिशवी आणि हातात मोबाइल घेऊन बाविशी-तेविशीतले भारतीय तरुण-तरुणी दक्षिणेकडे जाणाऱ्या छोट्या गाडीची वाट पाहत असतात. ही गाडी सुमारे तासाभरात थुरिंगियाच्या जंगलाच्या पायथ्याशी वसलेल्या इल्मेनाऊ या गावी पोचते. शनिवारी रात्री उतरलेल्या विद्यार्थ्याला दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला धक्का बसतो. रविवारी किराणा दुकान, बाजार, मॉल, सारे बंद. दूध, पाव, मोबाइलचे सिमकार्ड यांतले काहीही मिळत नाही. मग आईने बांधून दिलेल्या चकल्या आणि मेथीचे ठेपले यांवरच परदेशातला पहिला दिवस निभावतो.

रविवार बंद ठेवण्यामागे गावाचा मागासलेपणा नाही. १९१९ च्या वायमार राज्यघटनेने रविवारला विश्रांतीचा दिवस म्हणून संरक्षण दिले आणि आजच्या जर्मन राज्यघटनेनेही ते कलम आपल्यात सामावून घेतले. राष्ट्राध्यक्ष फ्रीडरिश एबर्ट यांनी त्या घटनेवर ११ ऑगस्ट १९१९ रोजी स्वाक्षरी केली, तीही याच थुरिंगियातील श्वार्झबुर्ग या छोट्या गावी. म्हणजे जी गोष्ट नवख्या विद्यार्थ्याला गैरसोय वाटते, तिच्या मागे शंभर वर्षांचा सामाजिक करार उभा आहे. असे अनेक अलिखित आणि लिखित करार इथल्या दैनंदिन जीवनात आहेत, आणि प्रवेशपत्राबरोबर त्यांची यादी कोणी पाठवीत नाही.

या गोष्टीकडे आज गांभीर्याने पाहायला हवे, कारण हा अनुभव आता मूठभरांचा राहिलेला नाही. २०२२-२३ च्या हिवाळी सत्रात भारतीय विद्यार्थ्यांनी चिनी विद्यार्थ्यांना मागे टाकले आणि जर्मनीतील परदेशी विद्यार्थ्यांत पहिला क्रमांक मिळवला. २०२३-२४ मध्ये त्यांची संख्या ४९ हजारांच्या वर गेली आणि त्यानंतरही ती वाढतच राहिली. महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांत, विशेषतः पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर अशा अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या शहरांत, अमेरिकेला पर्याय म्हणून जर्मनीचे नाव आता सहज घेतले जाते. मात्र घरच्यांच्या डोळ्यांसमोर म्युनिक किंवा बर्लिन असते, आणि मुलगा किंवा मुलगी पोचते ती अनेकदा इल्मेनाऊ, क्लाउस्थाल किंवा फ्रायबेर्ग इथे. या छोट्या गावांत राहणे म्हणजे नेमके काय, याचा विचार प्रवेशाच्या धावपळीत राहून जातो.

गावाला विद्यार्थी हवेत

इल्मेनाऊ हे अगदीच अनोळखी नाव नाही. महाकवी गटे वायमारच्या दरबारात मंत्री असताना इथल्या खाणींचा कारभार पाहायला वारंवार येत असे. गावामागच्या किकेलहान या टेकडीवरील लाकडी झोपडीच्या भिंतीवर त्याने १७८० मध्ये लिहिलेली आठ ओळींची कविता जर्मन शाळकरी मुलांना पाठ असते. पुढे खाणी गेल्या आणि काच व चिनीमाती आली. पूर्व जर्मनीच्या काळात इथल्या काच कारखान्यांत हजारो माणसे काम करीत. १९९० च्या एकीकरणानंतर ते उद्योग बाजाराच्या स्पर्धेत टिकले नाहीत. १७७७ साली सुरू झालेला चिनीमातीच्या भांड्यांचा कारखानाही २००२ मध्ये बंद पडला. तरुण पिढी कामाच्या शोधात पश्चिमेकडे गेली. १९९० मध्ये सुमारे २६ लाख लोकसंख्या असलेल्या थुरिंगिया राज्यात आज २१ लाखांच्या आसपास लोक उरले आहेत, आणि उरलेल्यांचे सरासरी वय वाढते आहे.

या पडझडीत गावाला आधार राहिला तो तंत्रविद्यापीठाचा. १८९४ मध्ये खासगी तंत्रशाळा म्हणून सुरू झालेली ही संस्था १९९२ मध्ये विद्यापीठ झाली. पण जन्मदर घटल्यामुळे आणि तरुण बाहेर गेल्यामुळे जर्मन विद्यार्थी कमी होऊ लागले. विद्यापीठांना मिळणाऱ्या सरकारी निधीत विद्यार्थिसंख्येचाही विचार होतो. साहजिकच इंग्रजी माध्यमातील पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाले. दूरसंचार आणि संकेत प्रक्रिया, संगणक आणि प्रणाली अभियांत्रिकी असे हे विषय भारतीय अभियंत्याला नेमके हवे असलेले. सरकारी विद्यापीठ असल्याने शिकवणी शुल्क नाही, सत्राला काही युरो वर्गणी भरली की झाले. (बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याने मात्र २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घ्यायला सुरुवात केली, आणि खासगी विद्यापीठांचे शुल्क तर वेगळेच.) वसतिगृहातील खोलीचे भाडे म्युनिकच्या तुलनेत निम्म्याहून कमी.

थोडक्यात, रिकाम्या होत चाललेल्या गावाला तरुण माणसे हवी आहेत आणि आपल्या तरुणांना परवडणारी पदवी हवी आहे. कागदावर हा व्यवहार दोघांच्याही फायद्याचा आहे. गाठ पडते ती या व्यवहारातल्या एका न बोललेल्या अटीमुळे. अभ्यासक्रम इंग्रजीत आहे, पण गाव इंग्रजीत नाही.

कागदांची साखळी

पहिल्या दोन आठवड्यांत विद्यार्थ्याला ही अट कळून चुकते. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेत पत्त्याची नोंद करावी लागते. विद्यार्थ्यांच्या बोलण्यात 'आनमेल्डुंग' म्हणून हा शब्द पहिल्याच दिवसापासून येतो. त्यासाठी घरमालकाने सही केलेले प्रमाणपत्र लागते. नोंदणीचा कागद हाती आल्याशिवाय पुढची कामे अडतात. खाते नाही तर गोठवलेल्या रकमेचा मासिक हप्ता हाती पडत नाही, आणि आरोग्य विम्याचा कागद नाही तर विद्यापीठातील नोंदणी पुरी होत नाही. या सगळ्यानंतर निवास परवाना. तो देणारे कार्यालय जिल्हा प्रशासनाच्या अखत्यारीत असते आणि इल्मेनाऊ ज्या जिल्ह्यात आहे त्याचे मुख्य ठिकाण आर्नश्टाट. जिथल्या चर्चमध्ये तरुण योहान सेबास्टियन बाख १७०३ ते १७०७ या काळात ऑर्गनवादक होता, ते हे गाव. भारतीय विद्यार्थ्याला मात्र ते लक्षात राहते ते परवान्यासाठी मिळवाव्या लागणाऱ्या वेळेमुळे.

यात आणखी एक बारीकशी गोष्ट असते. जर्मनीत घराला खोली क्रमांक असला तरी टपालवाला पत्रपेटीवरचे नाव पाहतो. पेटीवर आपले आडनाव चिकटवले नसेल तर बँकेचे कार्ड, विम्याचे पत्र, परवान्याची सूचना, सारे परत जाते. आपल्याकडे पोस्टमन नाव विचारत दारापर्यंत येतो, शेजारी सांगतात, वॉचमन सही करून घेतो. तिथे ही मधली माणसे नसतात. माणसांच्या जागी पद्धत असते, आणि पद्धत माहीत नसेल तर चूक कुणाच्याही लक्षात येत नाही, अगदी आपल्याही नाही.

जी पत्रे पोचतात ती सरकारी जर्मन भाषेत असतात. त्यातले एक बहुतेकांना बुचकळ्यात टाकते. घरात दूरचित्रवाणी संच नसला तरी सार्वजनिक प्रसारण सेवेसाठी दर घरामागे महिना १८.३६ युरो वर्गणी मागणारे ते पत्र. कित्येक जण ते जाहिरात समजून बाजूला ठेवतात आणि काही महिन्यांनी दंडासह थकबाकीची नोटीस येते. शासन त्यांना मुद्दाम त्रास देत नसते. प्रत्येक नागरिकाला पत्र वाचता येते, असे गृहीत धरून ही यंत्रणा उभी आहे. आपला विद्यार्थी त्या गृहीतकात बसत नाही, इतकेच.

स्वयंपाकघरातही हेच. कचरा चार-पाच प्रकारांत वेगळा करायचा. आवेष्टने पिवळ्या पेटीत, कागद निळ्या, ओला कचरा तपकिरी. काचेच्या बाटल्या रंगानुसार वेगवेगळ्या टाक्यांत, त्याही रविवारी नाही, कारण काच फुटल्याचा आवाज होतो. प्लॅस्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत, ती दुकानातल्या यंत्रात परत करायची. रात्री दहानंतर शांतता. सामाईक स्वयंपाकघरात मोहरीची फोडणी जरा करपली की छताला बसवलेला धुराचा इशारायंत्र ओरडू लागते आणि मजल्यावरची सारी मुले दाराबाहेर येतात. भारतीय विद्यार्थी पहिल्या महिन्यात खिडकी उघडून फोडणी द्यायला शिकतो. बाहेर तापमान शून्याखाली असले तरी.

पैशांचे गणित आणि वेळेचे गणित

जर्मन व्हिसासाठी विद्यार्थ्याला एका वर्षाच्या खर्चाची रक्कम गोठवलेल्या खात्यात ठेवावी लागते. ही 'ब्लॉक्ड अकाउंट'ची रक्कम सप्टेंबर २०२४ पासून ११,९०४ युरो आहे आणि त्यातून महिन्याला ९९२ युरो काढता येतात. युरोचा भाव शंभर रुपये धरला तरी हे सुमारे बारा लाख रुपये होतात. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना आपली शैक्षणिक कागदपत्रे आधी 'एपीएस' या यंत्रणेकडून तपासून घ्यावी लागतात, त्याचा वेळ आणि खर्च वेगळा. अनेक घरांत ही बारा लाखांची तजवीज कर्जातून होते.

इल्मेनाऊसारख्या गावात ९९२ युरोंत महिना बऱ्यापैकी भागतो. खोली, विम्याचे सुमारे दीडशे युरो, किराणा आणि प्रवास धरून थोडे उरतेही. छोट्या गावाचा हा खरा फायदा आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न दुसऱ्या वर्षाचा आहे. 'पहिल्या वर्षीचे आपण भरू, पुढचे तो तिथे काम करून भागवील', हा हिशेब महाराष्ट्रातल्या कितीतरी बैठकीच्या खोल्यांत मांडला गेलेला असतो.

कागदावर तो बरोबरही आहे. मार्च २०२४ पासून परदेशी विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते, आधी ही मर्यादा १२० आणि २४० दिवसांची होती. किमान वेतन जानेवारी २०२६ पासून तासाला १३.९० युरो आहे. रोज आठ तास याप्रमाणे १४० दिवसांचे १५,५६८ युरो होतात, म्हणजे गोठवलेल्या रकमेपेक्षा जास्त. पण हे काम मिळायचे कुठे? मोठ्या शहरात इंग्रजीवर चालणारी हॉटेले, स्टार्ट-अप, वाटप सेवा असतात. चाळीस हजारांच्या आतल्या वस्तीच्या गावात बेकरीतल्या बाईंना गिऱ्हाइकाशी जर्मनमध्ये बोलणारा मदतनीस हवा असतो, आणि वृद्धाश्रमाला आजीबाईंचे म्हणणे समजणारा. विद्यापीठातील संशोधन साहाय्यकाच्या जागा थोड्या, त्यांना उमेदवार अनेक. मग उरतात ती एर्फुर्टच्या आसपासची गोदामे. रात्रपाळी, जायला तास, यायला तास, आणि सकाळी साडेनऊचे व्याख्यान.

इथे पैशांचे गणित वेळेच्या गणितावर आदळते. जर्मन विद्यापीठात हजेरीचा धाक बहुधा नसतो, अंतर्गत गुणांचा आधारही नसतो. सत्राअखेरच्या एका परीक्षेवर सारे अवलंबून. परीक्षेलाही स्वतः मुदतीत नाव नोंदवावे लागते. सामान्यतः एका विषयाला तीन संधी मिळतात. तिसऱ्यांदा अनुत्तीर्ण झाल्यास त्या अभ्यासक्रमातून नाव कमी होते आणि मग निवास परवान्याचाही प्रश्न उभा राहतो. आपल्या महाविद्यालयांत 'केटी' घेऊन पुढे सरकण्याची सवय झालेल्या मुलाला पहिल्या सत्रात हा मोकळेपणा सुखाचा वाटतो, आणि दुसऱ्या सत्रात त्याची किंमत कळते. दोन वर्षांचा अभ्यासक्रम तीन किंवा साडेतीन वर्षांवर जातो तो बहुधा याच वळणावर. त्या वाढलेल्या दीड वर्षाचा खर्च मूळ हिशेबात कुठेच नसतो.

आपल्यांचा आधार, आपल्यांचीच भिंत

अशा वेळी विद्यार्थी जातो तो आपल्या माणसांकडे. आधीच्या वर्षीचे विद्यार्थी स्थानकावर न्यायला येतात, पहिले चार दिवस खोलीत जागा देतात, एर्फुर्टच्या आशियाई दुकानातून तूरडाळ आणि कढीपत्ता आणून देतात. मराठी, तेलुगू, तमिळ अशी मुले एकत्र स्वयंपाक करतात, दिवाळीला पणत्या लावतात. डिसेंबरात दुपारी चारनंतर अंधार पडतो, रस्त्यावर बर्फ साचते, गावातले लोक घरात जातात. त्या दिवसांत हा आधार नसेल तर एकटेपणा माणसाला पोखरू शकतो. घरी फोनवर 'सगळे छान आहे' असे सांगणाऱ्या मुलाच्या आवाजातला थकवा ओळखायला आईला फार वेळ लागत नाही, पण तिच्या हातातही फारसे काही नसते.

तरीही या आधाराची दुसरी बाजू पाहायला हवी. खोली भारतीयांबरोबर, वर्ग इंग्रजीत, गोदामात आजूबाजूला परदेशीच, मोबाइलवर मराठी मालिका. असा विद्यार्थी दोन वर्षे जर्मनीत राहतो, पण जर्मन भाषेत राहत नाही. बाजारातली भाजीवाली, बसचालक, शेजारचे निवृत्त जोडपे यांच्याशी त्याचा संबंध 'हालो' आणि 'डांके' यांच्यापुढे सरकत नाही. गाव त्याच्यासाठी पार्श्वभूमी राहते आणि गावासाठी तोही.

आपल्याकडे याच्या उलट परंपरा होती. १९२० च्या दशकाच्या अखेरीस इरावती कर्वे बर्लिनला मानववंशशास्त्राच्या संशोधनासाठी गेल्या, तेव्हा प्रबंध लिहिला तो जर्मन भाषेत. त्या काळी दुसरा मार्गच नव्हता. जर्मनीत शिकायचे म्हणजे जर्मनमध्ये शिकायचे, हे उघड होते. आज इंग्रजी अभ्यासक्रमांनी दार मोठे केले, ते चांगलेच झाले, कारण हजारो सामान्य घरांतल्या मुलांना त्यातून आत जाता आले. परंतु दारातून आत गेल्यावर घरात वावरण्यासाठी भाषा लागतेच, ही गोष्ट मात्र झाकली गेली. आणि त्यात एक विसंगती आहे. जर्मनीत परिचारिका म्हणून जाणाऱ्या मुलीला जर्मन भाषेची परीक्षा आधी उत्तीर्ण व्हावी लागते. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यातही जर्मनच्या प्रशिक्षणावर भर होता. म्हणजे वाहनचालक आणि परिचारिका यांनी भाषा शिकून जावे हे आपल्याला पटते. अभियंत्याला मात्र तिची गरज नाही असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात नोकरीच्या मुलाखतीत तिघांसमोरही तोच प्रश्न येतो.

गावाच्या मनात काय आहे?

स्थिरावणे ही एकतर्फी गोष्ट नाही. गावालाही नव्या माणसांना जागा द्यावी लागते. इथे चित्र संमिश्र आहे. एकीकडे विद्यापीठाची स्वागत व्यवस्था आहे, भाषेचे वर्ग आहेत, १९९० च्या दशकापासून इल्मेनाऊचे विद्यार्थी दर दोन वर्षांनी भरवीत असलेला आंतरराष्ट्रीय विद्यार्थी सप्ताह आहे. दुसरीकडे, सप्टेंबर २०२४ मधील थुरिंगियाच्या विधानसभा निवडणुकीत स्थलांतरविरोधी 'एएफडी' पक्षाला ३२.८ टक्के मते पडली आणि तो पहिल्या क्रमांकावर आला. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीच्या एखाद्या राज्यात अतिउजव्या पक्षाला पहिला क्रमांक मिळण्याची ही पहिलीच वेळ. याच पक्षाच्या थुरिंगिया शाखेला राज्याच्या गुप्तचर यंत्रणेने २०२१ मध्ये उजव्या अतिरेकी गटांत नोंदवले होते. इतर पक्षांनी हात न मिळवल्याने सत्ता त्याला मिळाली नाही. डिसेंबर २०२४ मध्ये ख्रिश्चन डेमोक्रॅटिक पक्षाचे मारिओ फोइग्ट आघाडी सरकारचे मुख्यमंत्री झाले.

या आकड्यांचा अर्थ लावताना दोन टोके टाळायला हवीत. तीनपैकी एकाने त्या पक्षाला मत दिले, म्हणून रस्त्यावरचा प्रत्येक तिसरा माणूस भारतीय विद्यार्थ्याकडे शत्रुत्वाने पाहतो, असे नाही. बहुतेकांचे दिवस शांतपणे जातात. पण 'असे काही नसतेच' हेही खरे नाही. रात्रीच्या गाडीत कुणी काही बोलले, दुकानात कुणी मुद्दाम दुर्लक्ष केले, असे प्रसंग घडतात, आणि ते नेमके कुणाला सांगायचे हेच नवख्या मुलाला ठाऊक नसते. विद्यापीठाचे आंतरराष्ट्रीय कार्यालय आणि पोलिसांचा ११० हा क्रमांक ही माहिती पहिल्याच दिवशी हाती असणे, हा घाबरटपणा नव्हे, सावधपणा आहे.

खरी गुंतागुंत आर्थिक आहे. ज्या राज्यातून माणसे गेली, त्याच राज्याला कामाला माणसे मिळत नाहीत. आर्नश्टाटजवळ चिनी कंपनीने युरोपातला आपला पहिला बॅटरी कारखाना उभारला. रुग्णालये, वृद्धाश्रम, छोटे यंत्रकारखाने कामगार शोधत आहेत. जर्मनीच्या केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये भारताशी स्थलांतर आणि गतिशीलतेचा करार केला. ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतीय कुशल कामगारांसाठीच्या व्हिसांची वार्षिक संख्या २० हजारांवरून ९० हजारांवर नेण्याचे जाहीर केले. म्हणजे बर्लिन बोलावते आहे, विद्यापीठ बोलावते आहे, कारखानदारही बोलावतो आहे. मतदाराचा मोठा हिस्सा मात्र कपाळाला आठ्या घालून उभा आहे. आपला विद्यार्थी या चौघांच्या मध्ये येऊन पडतो, आणि त्याला यातले काही माहीत नसते.

आणखी एक नुकसान गावाचे आहे. विद्यापीठ विद्यार्थी आणते, पण पदवी हाती पडताच तो स्टुटगार्ट, म्युनिक किंवा बर्लिनकडे निघतो. गावाशी नाते जुळलेले नसेल तर तो थांबेल कशाला? त्याची खोली दुसऱ्या नवख्याला मिळते आणि साखळी पहिल्यापासून सुरू होते. ज्या गावाला रहिवासी हवे होते, त्याला फक्त प्रवासी मिळतात.

अठरा महिन्यांची मुदत

पदवीनंतर जर्मनी विद्यार्थ्याला आपल्या शिक्षणाला साजेशी नोकरी शोधण्यासाठी अठरा महिने देते. ही मुदत उदार आहे, पण बाजार पूर्वीसारखा नाही. जर्मन अर्थव्यवस्था २०२३ आणि २०२४ अशी सलग दोन वर्षे आक्रसली आणि मोटार उद्योगातील मोठ्या कंपन्यांनी नोकरकपात जाहीर केली. आपल्या यांत्रिकी आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्यांची नजर नेमकी याच उद्योगावर असते. मोठ्या कंपन्यांच्या इंग्रजी बोलणाऱ्या विभागांत जागा घटल्या, की उरतात त्या छोट्या आणि मध्यम आकाराच्या कौटुंबिक कंपन्या. जर्मन उद्योगाचा कणा म्हणतात तो यांनाच. त्या बहुधा छोट्या गावांत असतात, त्यांची बैठक जर्मनमध्ये होते, यंत्रावरचा कामगार जर्मनमध्ये बोलतो आणि ग्राहकही.

म्हणजे ज्या छोट्या गावात विद्यार्थ्याने दोन-तीन वर्षे काढली, तिथे भाषा शिकण्याची संधी म्युनिकपेक्षाही जास्त होती. बेकरीतल्या बाई इंग्रजी बोलत नव्हत्या, ही अडचणही होती आणि रोजची शिकवणीही. ज्यांनी ती घेतली, गावातल्या क्रीडामंडळात, अग्निशमन दलाच्या स्वयंसेवकांत किंवा गायनवृंदात नाव घातले, त्यांना अठरा महिने पुरतात. ज्यांनी घेतली नाही, त्यांना ते अपुरे पडतात. दोघांच्या गुणपत्रिकेत फार फरक असतोच असे नाही.

यावर उपाय अवघड नाहीत. जर्मनीला जायचे ठरल्यापासून विमानात बसेपर्यंत बहुधा वर्षभराचा काळ जातो. त्या वर्षात पुण्या-मुंबईतल्या माक्स म्युलर भवनात, पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा गावच्या एखाद्या चांगल्या वर्गात निदान बी-वन पातळी गाठता येते. प्रवेशासाठी ती अट नसली तरी घराने ती अट आपली आपण घालावी. कर्जाचा हिशेब दोन नव्हे, तीन वर्षांचा मांडावा आणि पहिल्या दोन सत्रांत नोकरीचे उत्पन्न शून्य धरावे. सल्लागार संस्थेने सांगितलेल्या विद्यापीठाचे नाव नकाशावर शोधावे, गावात कोणते उद्योग आहेत, गाडी रात्री किती वाजेपर्यंत असते, हेही पाहावे. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी शेवटच्या वर्षात जर्मनचा ऐच्छिक विषय खऱ्या अर्थाने चालवावा. तिथल्या विद्यापीठांनीही इंग्रजी अभ्यासक्रमाची जाहिरात करताना भाषेविषयी स्पष्ट बोलावे आणि जर्मनच्या तासांना पदवीच्या श्रेयांकांत जागा द्यावी. गावाने बोलावलेल्या पाहुण्याला निदान घराचे नियम त्याला कळतील अशा भाषेत सांगावेत.

बारा लाखांचे कर्ज, आईवडिलांची आयुष्यभराची शिल्लक आणि तरुणपणाची तीन वर्षे एवढे सारे पणाला लागलेले असताना परदेशगमनाचा निर्णय फक्त विद्यापीठाच्या क्रमवारीवर घेणे परवडणारे नाही. प्रवेश विद्यापीठ देते, परवाना जिल्हा कार्यालय देते. पण माणूस राहतो तो गावात, शेजाऱ्यांमध्ये. पत्रपेटीवर आपले आडनाव चिकटवणे हे या राहण्याचे पहिले पाऊल झाले. त्या पेटीत आलेले पत्र स्वतःचे स्वतः वाचता येईल, त्या दिवशी आपला विद्यार्थी तिथे खऱ्या अर्थाने राहायला आला असे म्हणता येईल.